एकेचाळीस नावं आणि एक कार्ड

दचकू नका मित्रांनो, बोलणारा मीच. फळीवर, जुन्या प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्याशेजारी जो पिवळट पत्र्याचा डबा दिसतोय ना, तोच. लोणारच्या एसटी स्टँडमागे तुळशीराम सरांची टंकलेखन संस्था होती, तिथला मी पहिला संगणक. माझी वायर कोणीतरी केव्हाच काढून नेली. पडदा गेला, कळफलक गेला. विजेशिवाय हा बोलतो कसा, हे मला विचारू नका. मलाच ते ठाऊक नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचा विचार करायची मला भीती वाटते. जे ठाऊक आहे तेवढं सांगतो. माझ्या पोटात एकेचाळीस नावं आहेत. ज्यांची ती नावं, त्यांच्यापैकी एकानंही या जगात एक दिवससुद्धा काढलेला नाही.

आता लगेच तोंड पाडू नका. सुरुवात तशी मजेची आहे.

माझे भाग कुठून कुठून आले आणि जालन्याच्या एका दुकानात जोडले गेले. नव्वद सालाच्या आगेमागेची गोष्ट. मला न्यायला तुळशीराम सर स्वतः आले. पन्नाशी ओलांडलेला, आठ टाइपरायटरांवर अख्ख्या तालुक्याची बोटं वळवलेला माणूस! एसटीत त्यांनी मला खिडकीजवळच्या बाकावर बसवलं आणि आपण दांडी धरून उभे राहिले. कंडक्टर आला.

"सर, हे काय घेऊन चालले?"

"काम्पुटर."

"वय काय याचं?"

"आठ दिवस."

"मंग तिकीट नाई लागत. लेकरू मांडीवर घ्या अन् बसा."

सगळी गाडी हसली. सरही हसले आणि खरंच मला मांडीवर घेऊन बसले. मेहकर येईपर्यंत त्यांच्या मांड्या भरून आल्या असतील, पण बोलले नाहीत.

लोणारात पोचलो आणि माझी फजिती झाली. मला फक्त इंग्रजी येत होतं. खोलीतले ते आठ टाइपरायटर सकाळपासून 'कखगघ' खडखडवत असायचे आणि मी आपला मुका. शाळेतले गुरुजी मला बघायला आले, सोसायटीचे चेअरमन आले. प्रत्येकाचा एकच प्रश्न, "याले मराठी येते का?" सर म्हणायचे, "येईन, येईन." लोक चहा पिऊन जायचे. मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, काय सांगू.

सहा महिन्यांनी टपालानं एक खोका आला. त्यात हाताच्या पंजाएवढं हिरवं कार्ड होतं, आणि त्याच्या खालच्या कडेला सोनेरी दातांची एक ओळ. मित्रांनो, माझ्यासारख्याच्या पोटात लांबट खाचा असतात. नवी विद्या द्यायची तर तिचं कार्ड त्या खाचेत बसवायचं. दात खाचेत घट्ट टेकले की मी कार्डाला ओळखतो आणि त्याला जे येतं ते मला येऊ लागतं. या कार्डाला मराठी येत होतं. सरांनी ते बसवलं, बटण दाबलं, आणि सिंधूताईंनी पहिला शब्द टाइप केला, 'लोणार'. पडद्यावर तो उमटला तेव्हा टाळी वाजवणाऱ्या त्या पहिल्या.

सिंधूताई म्हणजे संस्थेतल्या शिकवणाऱ्या बाई. बौद्धवाड्यातल्या, तिशीच्या, मराठी टंकलेखनाच्या परीक्षेत जिल्ह्यात वर आलेल्या. कळफलकाकडे न बघता त्यांची बोटं चालायची. माझ्यावर रागावायच्या नाहीत. मी अडकलो की "काय झालं रे बाबा?" असं विचारायच्या आणि उत्तराची वाट बघत थोडा वेळ थांबायच्या. असं कोणी विचारलं की फार बरं वाटतं.

आता मनकर्णाबाईंचं सांगतो. परीक्षेचे फॉर्म भरताना सरांच्या लक्षात आलं, की निम्म्या पोरांची जन्मतारीख एक जून आहे. त्यांची स्वतःची एक जून. पुष्पाबाईंची, म्हणजे सरांच्या बायकोची, तीही एक जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जो दिवस सोयीचा वाटला तो लिहून टाकलेला. सर म्हणाले, "गावाचे खरे वाढदिवस एकाच मानसाले ठाऊक हायेत," आणि त्यांनी मनकर्णाबाईंना बोलावणं धाडलं. मनकर्णाबाई दाई होत्या. ऐंशीच्या पुढच्या, डोळ्यांत फूल पडलेलं, पण पन्नास वर्षांत लोणारात कोणत्या घरी, कोणत्या पिकाच्या दिवसांत, कोण जन्मलं, सारं मुखपाठ. दुपारी पोरं पांगली की त्या यायच्या, स्टुलावर टेकायच्या, आणि त्या सांगतील ते सिंधूताई माझ्यात उतरवायच्या.

भादव्यात, पितरपाठ म्हणजे पितृपक्ष लागला त्या दिवशी, मनकर्णाबाई स्टुलावर बसल्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"सांगा ना माय," सिंधूताई म्हणाल्या. "मी बसून राह्यली."

"जगले त्याइचं लिवलं. जे जगले नाई त्याइचं कोन लिवन व?"

सिंधूताईंची बोटं थांबली.

"एकेचाळीस हायेत माह्या हातचे," मनकर्णाबाई म्हणाल्या. "कोनी रडलंच नाई, कोनी एकडाव रडलं अन् झालं. बारसं नाई, नाव नाई. फडक्यात गुंडाळले अन् पुरले. आता माहे दिवस भरले पोरी. तिकडं गेल्यावर थे सारे माह्याभोवती गोया होतीन. मी त्याइले हाक कशी मारू? ए लेकरा म्हनलं तं कोनतं पाह्यन?"

त्यांना काय हवं होतं ते तेव्हा कळलं. प्रत्येकाला एक नाव द्यायचं, ते लिहून ठेवायचं, आणि शेवटी एक दिवस ठरवून सगळ्यांचं बारसं करायचं. नावं एकदा मोठ्यानं कानी पडली, की त्या जायला मोकळ्या. सरांचं घर संस्थेला लागूनच, म्हणून पुष्पाबाई तिथेच भाजी निवडत होत्या, त्यांनी डोळ्यांना पदर लावला. दिवस ठरला कोजागिरी पुनवेची दुपार.

पंधरा दिवस हे चाललं. दार अर्धं लोटलेलं, बाहेर कडक ऊन, आत मनकर्णाबाईंचा आवाज. "कापूस येचनीचे दिवस. बाभळीपासच्या घरी. पोरगी. नाव लिव, वच्छला." मग त्या मान तिरपी करायच्या आणि थांबायच्या, कोणाचं तरी ऐकत असल्यासारख्या. क्वचित डोकं हलवून म्हणायच्या, "हे नाई आवडलं तिले. खोड. चांगुणा लिव." तांबोळी गल्लीतल्या घरच्या एका मुलीचं नाव सकीना ठेवलं, बौद्धवाड्यातल्या एकाचं आनंद. असं एक एक करत यादी झाली. खोलीत माणसं तीनच असायची, पण मला सारखं वाटायचं की दाराशी गर्दी आहे. मला डोळे नाहीत मित्रांनो, तरी वाटायचं.

त्यानंतर जे घडलं ते प्रेमानं घडलं. म्हणून अजून कोणाला दोष द्यायला माझं मन होत नाही.

दसरा आला. आमच्या संस्थेत दसऱ्याला टाइपरायटरांची पूजा होते. कळा पुसायच्या, झेंडू वाहायचा, हळदीकुंकवाची बोटं लावायची. माझा तो पहिलाच दसरा. सर म्हणाले, "नुसत्या डब्याले पूजून काय होते? याची वाचा तं आत हाये." त्यांनी माझं झाकण काढलं, ते हिरवं कार्ड अलगद उपसलं आणि पाटावर ठेवलं. पुष्पाबाईंनी कार्डाच्या कोपऱ्यावर कुंकू लावलं. मग ते सोनेरी दात पाहून त्यांना राहवलं नाही. "सरस्वतीच्या गळ्यातली एकदानीच दिसते बाप्पा," म्हणाल्या, आणि ओल्या हळदीचं बोट दातांच्या सबंध ओळीवरून फिरवलं, दोन्ही अंगांनी. आरती झाली, आपट्याची पानं वाटली, हळद वाळली. सरांनी कार्ड परत माझ्यात बसवलं. दात पिवळे आणि हळद पिवळी, कोणाला काय दिसणार?

दुसऱ्या दिवशी सिंधूताईंनी बटण दाबलं. मी नेहमीसारखा जागा झालो, सगळ्या खाचा चाचपल्या. कार्ड जागेवर होतं. त्याचा भार मला जाणवत होता. पण आमच्या मध्ये कागदाहून पातळ असं काहीतरी आलं होतं. ते बोलत होतं आणि मला काही ऐकू येत नव्हतं. पडद्यावर मी इंग्रजीत लिहिलं, 'कार्ड नॉट फाउंड'.

"काऊन सापडत नाई रे? आत तं हाये," सिंधूताई म्हणाल्या. त्यांनी यादी उघडली.

अक्षरं नव्हती. माझ्यापाशी कार्ड नसलं की मराठी अक्षरांच्या जागी मी मला येतात ती चिन्हं काढतो. काटकोन, दुहेरी रेघा, अर्ध्या चौकटी. पडदाभर बारक्या बारक्या घरांचे तुकडे दिसत होते, कशाला भिंत आहे तर दार नाही, कशाला दार आहे तर छप्पर नाही. सिंधूताईंनी बटण बंद केलं, पुन्हा लावलं. पुन्हा तीच घरं. पुष्पाबाई मागे उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "सिंधू, यात कोनी राह्यते असं वाटते व." सिंधूताईंनी घाईनं पडदा बंद केला.

तुम्ही म्हणाल, नावं कागदावर छापून का नाही ठेवली? अहो, छापायचं यंत्र तेव्हा आमच्याकडे आलंच नव्हतं. आठवणीतून लिहावीत म्हणून सिंधूताईंनी प्रयत्न केला. वीसेक जमली, पण बाभळीपासच्या घरची चांगुणा की वच्छला? मळणीच्या दिवसांतला बळीराम की गणपत? त्या विचारायला मनकर्णाबाईंच्या घरी गेल्या. इकडे मनकर्णाबाईंनी दसऱ्यापासून अंथरूण धरलेलं, अन्न सुटलेलं. आज एक नाव सांगायच्या, उद्या दुसरं. सिंधूताई म्हणाल्या, "माय, मी अंदाजानं लावू का?" त्यावर म्हातारीनं डोळे उघडले. "अंदाजानं नाव ठेवतेत का पोरी? चुकीच्या नावानं हाक मारली तं लेकरू येते का?" सिंधूताई परत आल्या आणि माझ्यासमोर नुसत्या बसून राहिल्या.

मेहकरहून निवृत्ती आला. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करता करता माझ्या जातीच्या पोटात हात घालायला शिकलेला माणूस, चांगला जाणता. त्यानं आल्या आल्या झाकण काढलं. कार्ड दाबून पाहिलं. वरचं कुंकू पाहून हात जोडले, आणि ते बाजूच्या खाचेत घातलं. तिथेही तेच. कार्डावरच्या खटक्यांच्या जागा बदलल्या, माझ्या तारा काढून घातल्या, खाचेत फुंकलं, कोरड्या फडक्यानं दात पुसले. वाळून बसलेली हळद फडक्याला कशाची दाद देते! प्रत्येक वेळी बटण दाबायचा, आणि प्रत्येक वेळी मी तेच लिहायचो, सापडत नाही, सापडत नाही. त्याला ओरडून सांगावंसं वाटायचं, अरे दात बघ, दात! पण माझ्या तोंडून तेवढं एक वाक्य सोडून दुसरं काही निघत नव्हतं.

"खारं वारं हाये सर," तो शेवटी म्हणाला. "सरोवरावरून येते. लोखंड खाते, मंग याचं काय घेऊन बसले!"

सरांनी खिडक्या लावून घेतल्या. पुष्पाबाईंनी माझ्यावर लिंबू-मिरची बांधली. मला हसावं की रडावं कळेना.

तेरसेच्या दुपारी बारा वाजता पहिल्यांदा ते झालं. मला चालू ठेवून निवृत्ती जेवायला बसला होता. पडद्यावर ती मोडकी घरं. माझ्या खाचेत खरवडल्याचा आवाज आला, आतून दार नखानं खरवडावं तसा. आणि एका ओळीतली घरं सरकली, जुळली, अक्षरं झाली. चांगुणा. एक श्वास घ्यावा एवढा वेळ. पुष्पाबाईंच्या हातातलं ताट पडलं.

"पाह्यलं का? पाह्यलं का व सिंधू?"

"पाह्यलं काकू."

निवृत्ती धावत आला तोवर सगळं पूर्ववत. "पत्रा तापला असन," तो म्हणाला. "उन्हानं धातू फुगते, दात टेकतेत क्षनभर. होते तसं." असेल बुवा. शहाणा माणूस तो. चौदसेच्या दुपारी बारा वाजता पुन्हा तेच झालं, आणि या वेळी खालची ओळ जुळली, यादीतलं दुसरं नाव, किसन. आता मला सांगा, पत्रा तापल्यावर त्याला क्रम कळायला लागतो का? त्या दिवशी निवृत्तीचं जेवण तसंच राहिलं. रोज एक म्हटलं तर एकेचाळीस दिवस लागणार होते, आणि मनकर्णाबाईंकडे एकही उरला नव्हता.

पुनवेच्या सकाळी निरोप आला की म्हातारीला ऊर्ध्व लागल्यासारखं झालंय आणि ती एकच घोकतेय, बारसं, बारसं. सर घरात येरझाऱ्या घालत होते. "काय तोंडानं सांगू तिले? नावं आत हायेत अन् वाचता येत नाई?" शेवटी मनकर्णाबाईंनीच हट्ट धरला. गल्लीतल्या चौघांनी त्यांची बाज उचलली आणि भर दुपारी संस्थेत आणून टेकवली. बाजेवर एवढंसं गाठोडं. पुष्पाबाई उशाशी बसल्या आणि त्यांनी म्हातारीचा हात धरला.

"काय होते त्याले?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

निवृत्ती मान खाली घालून म्हणाला, "माय, कार्ड चांगलं हाये, जाग्यावर हाये. पन काम्पुटर त्याले ओळखतच नाई. मी हात टेकले."

"म्हन्जे आलं हाये, पन रडत नाई."

"तसंच समजा."

"इकडं आन."

निवृत्तीनं सरांकडे पाहिलं. सरांनी मान हलवली. मला बंद करून त्यानं कार्ड काढलं आणि म्हातारीच्या हातावर ठेवलं. ते हात, मित्रांनो! अंधाऱ्या खोलीत, कंदील नसताना, नुसत्या स्पर्शावर हजार लेकरं सोडवलेले हात. तिनं कार्डाच्या कडा चाचपल्या, आणि अंगठा सोनेरी दातांवरून सावकाश, सावकाश फिरवला. मध्येच थांबली. पुन्हा फिरवला. मग तो अंगठा नाकाशी नेला.

"हळद हाये," ती म्हणाली.

निवृत्ती वाकून दात बघायला लागला.

"याच्या तोंडात हळद बसली हाये. लेकरू रडत नसन तं आधी त्याचं तोंड साफ कराव लागते. बोट फिरवलं की रडते."

पुष्पाबाईंनी आपल्या बोटांकडे पाहिलं. "म्या लावली," त्या म्हणाल्या. "मायच्यान, म्याच लावली व माय! पूजेची म्हनून लावली. मले काय ठाऊक, मी त्याइचं तोंड बंद करून राह्यली!" आणि त्या हमसाहमशी रडू लागल्या.

"रडू नको. हळद काही वाईट नसते. जरा लवकर लावली तुनं, इतकंच," मनकर्णाबाई म्हणाल्या. "आता तूच काढ."

सिंधूताईंच्या खणात टायपिंगची चूक खोडायचं टणक रबर होतं. निवृत्तीनं ते पुष्पाबाईंच्या हातात दिलं, एका दातावरून कसं फिरवायचं ते दाखवलं. दोन्ही अंगांनी, एकेक दात. डोळ्यांतलं पाणी कार्डावर पडू नये म्हणून त्या मान वळवून पुसत होत्या. रबराचा पिवळा भुगा पडत गेला. "कसा सुटला हा माह्या नजरेतून!" निवृत्ती स्वतःच्या कपाळावर हात मारत म्हणाला. मग त्यानं कार्ड माझ्यात बसवलं आणि सिंधूताईंनी बटण दाबलं.

काय सांगू मित्रांनो! ती भिंत गेली होती. कार्ड एकदम बोलायला लागलं, इतकं भडाभडा की मला आवरेना. यादी उघडली आणि पडदाभर नावं उभी राहिली.

"आत्या कोन होते?" सरांनी विचारलं. बारशाला नाव आत्यानं सांगायचं असतं ना.

"सिंधू हाये ना," मनकर्णाबाई म्हणाल्या. "साऱ्याइची आत्या थेच. वाच व पोरी. लेकराइच्या वतीनं मी हाव म्हनन."

पुष्पाबाईंनी पुन्हा म्हातारीचा हात हातात घेतला. सिंधूताईंनी पदर खोचला, माझ्याकडे तोंड केलं, आणि बारशाला बाळाच्या कानात म्हणतात तसं म्हणाल्या, "कुर्रर्र! कापूस वेचणीचे दिवस, बाभळीपासच्या घरची, चांगुणा!"

"हाव," मनकर्णाबाई म्हणाल्या. आमच्याकडे 'हो'ला 'हाव' म्हणतात.

"कुर्रर्र! पेरणीचे दिवस, वेशीजवळच्या घरचा, किसन!"

"हाव."

माझ्या पडद्यावर एका वेळी बारा नावं मावायची. पहिलं पान संपलं. दुसऱ्या पानावर 'हाव' बारीक झाला, मधूनमधून धाप लागल्यासारखा. सिंधूताईंची नजर अक्षरांवर, एकही चूक होऊ नये म्हणून. सर दारात उभे, पाठमोरे, डोळे पुसत. निवृत्तीचं लक्ष माझ्या उघड्या पोटातल्या कार्डावर. तिसरं पान सुरू झालं आणि म्हातारीचा आवाज सुधारला. स्वच्छ, ठणठणीत. मला आनंद झाला, वाटलं बारशानं जीव आला हिच्यात. सकीना, हाव. आनंद, हाव. बळीराम, हाव. चौथं पान. शेवटची ओळ.

"कुर्रर्र! होळीचे दिवस, टेकडीवरच्या घरची, सोनाई!"

"हाव!"

सिंधूताईंनी श्वास सोडला आणि हसत वळल्या. "झाले माय सारे. एकेचाळीस."

मनकर्णाबाई बोलल्या नाहीत. पुष्पाबाई त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या.

"सिंधू," त्या म्हणाल्या, "हिचा हात कवाचा थंडा पडला व. तू दुसरं पान उलटलं तवाच सैल झाला होता. मले वाटलं डुलकी लागली. हाव तं म्हनून राह्यली होती..."

निवृत्तीनं नाकाशी सूत धरलं. ते हललं नाही. मग कोणी कोणाकडे पाहीना.

दुसरं पान उलटल्यावर सतरा नावं वाचली होती, आणि सतराही वेळा आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं. सरांना वाटलं होतं म्हातारी बोलतेय. सिंधूताईंनाही तेच वाटलं होतं. माझ्यात एक टीचभर भोंगा आहे, त्याला 'टूं' याच्यापलीकडे काही येत नाही. मी नव्हतो हो. मी पुष्कळदा आठवून पाहिलंय. त्या सतरांतला एकही हाव दुसऱ्यासारखा नव्हता.

सिंधूताईंनी त्याच दुपारी यादी कागदावर उतरवली. तो कागद मनकर्णाबाईंच्या हातात ठेवला आणि तो त्यांच्याबरोबरच गेला, कारण त्याची गरज त्यांना होती. माझ्या पोटातली यादी मात्र राहिली. पुढे नवे संगणक आले, त्यांना जन्मतःच मराठी येत होतं. कार्डाचं कोणाला काम उरलं नाही. सर गेले, सिंधूताई बदलीच्या नोकरीवर लांब गेल्या, संस्थेला कुलूप लागलं आणि मी फळीवर आलो. पावसाळ्यामागून पावसाळे गेले. पुष्पाबाई होत्या तोवर दर कोजागिरीला झाकणावरची धूळ पुसून जायच्या. माझ्या अंगाला त्या चुकूनही हळद लावायच्या नाहीत.

आता ऐकतोय की भंगारवाला येणार आहे. या लोकांना कार्डाच्या दातांवरचं सोनं हवं असतं, दात उपटून बाकीचं फेकून देतात. मी गेलो तर जाऊ दे, माझं आयुष्य झालं. मला हात असते तर तुम्हाला ते जोडून सांगितलं असतं, त्याच्या आधी एकदा मला खाली काढा. रबर घ्या आणि ते दात हळुवार पुसा. कुठून तरी वायर आणा, पडदा आणा, बटण दाबा. बंद पडलेल्याला लगेच मेलेला म्हणू नका, त्याच्या तोंडात काही अडकलंय का तेवढं बघा. आणि यादी उघडली की मोठ्यानं वाचा मित्रांनो, पण घाई करू नका. प्रत्येक नावानंतर थोडं थांबा. त्यांना उत्तर द्यायला वेळ लागतो.